मस्टर्ड ओतलं कुठे?

विठ्ठलवाडीत वालधुनी नदी ओलांडताना हात आपोआप रुमालाकडे जातो. इकडे ‘रसायनाची विल्हेवाट’ म्हटलं की रात्रीचा टँकरच आठवतो. नोव्हेंबर २०१४मध्ये कुणीतरी वालधुनीत रसायन सोडलं आणि उल्हासनगरातली शेकडो माणसं गुदमरली. म्हणून भारताने आपली रासायनिक अस्त्रं नष्ट केली असं सांगितलं, की इथला माणूस विचारतो, “नेऊन ओतली कुठे?” प्रश्न अगदी रास्त आहे. ती कुठेही ओतलेली नाहीत.

आपल्याकडे अशी अस्त्रं होती, हेच अनेकांना खरं वाटत नाही. जून १९९७मध्ये भारताने सुमारे १,०४४ टन सल्फर मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं आणि २००९मध्ये साठा संपवला. अल्बानिया आणि दक्षिण कोरियानंतर आपण तिसरे.

‘मस्टर्ड गॅस’ या नावानेही घोळ होतो. त्यात मोहरी नसते आणि तो वायूही नव्हे. तो तेलकट द्रव आहे, साधारण १४ अंशांखाली गोठणारा. कातडीला लागला तरी लगेच कळत नाही. फोड काही तासांनी येतात.

साठा समुद्रात बुडवला असेल, असंही लोक म्हणतात. महायुद्धांनंतर काही देशांनी खरोखर तेच केलं होतं. आजचा रासायनिक अस्त्र करार मात्र समुद्रात टाकणं, जमिनीत पुरणं आणि उघड्यावर जाळणं, तिन्हींना मनाई करतो. मग ते नष्ट कसं करायचं? एक मार्ग पाण्याचा. अमेरिकेत अ‍ॅबरडीनला मस्टर्ड गरम पाण्यात घुसळलं. त्यातून थायोडायग्लायकॉल तयार झालं आणि पुढचं काम सांडपाण्याच्या टाकीतल्यासारखं जिवाणूंनी केलं. हे थायोडायग्लायकॉल शाईत आणि कापडाच्या रंगकामातही वापरतात, पण त्यापासून पुन्हा मस्टर्ड बनवता येतं, म्हणून त्यावरही कराराची नजर असते.

दुसरा मार्ग बंद भट्टीचा, पण भट्टी म्हटलं की शेजारी धास्तावतात. २०११मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा विषारी कचरा नागपूरजवळ बोरखेडीतल्या डीआरडीओच्या भट्टीत जाळायचं ठरलं, तेव्हा महाराष्ट्रातून विरोध झाला. तो कचरा अखेर २०२५मध्ये पिथमपूरला जळला. विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. भट्टीचं तापमान आणि धुराच्या नोंदी शेजारच्या वस्तीला रोज दिसल्या पाहिजेत.

जुलै २०२३मध्ये अमेरिकेने केंटकीत आपल्या रासायनिक अस्त्रांचा शेवटचा साठा संपवला आणि जगाने जाहीर केलेली ७२,३०४ टन रसायनं निरीक्षकांच्या देखरेखीखाली नष्ट झाली. म्हणजे सगळंच संपलं, असं मात्र नाही. जपानी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये टाकून दिलेले रासायनिक गोळे अजूनही जमिनीतून उकरून काढावे लागतात.