अंडाशयाची जडणघडण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वृषण घडवावे लागते आणि अंडाशय मात्र काहीच न घडल्यामुळे आपोआप तयार होते, हा समज सुशिक्षितांतही रूढ आहे, आणि त्याचे मूळ एका उत्तम प्रयोगाच्या अपुऱ्या आकलनात सापडते. आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सशाच्या गर्भांतील जननग्रंथी मातेच्या उदरातच शस्त्रक्रियेने काढून टाकल्या, तेव्हा ते गर्भ मूळचे नर असोत वा मादी, त्यांच्या ठायी गर्भाशय आणि अंडवाहिन्या यांचीच रचना सिद्ध झाली. वृषणाच्या स्रावांवाचून जननमार्ग मादीचे वळण घेतो, एवढाच याचा अर्थ. ज्या गर्भांत ग्रंथीच शिल्लक नव्हती, त्यांनी अंडाशयाच्या घडणीविषयी साक्ष ती काय द्यावी?

अंडाशयाला स्वतःची तरतूद लागते. १९९० साली ‘एसआरवाय’ हे वृषणाचा आरंभ करणारे जनुक हाती लागले, परंतु त्याचा अभाव म्हणजेच अंडाशय असे नव्हे. ‘डब्ल्यूएनटी-४’ आणि ‘आर-स्पॉन्डिन-१’ या जनुकांचा अंमल बसावा लागतो, आणि अंडाशयाचे रूप जन्मानंतरही राखावे लागते. २००९ साली प्रौढ उंदरिणींच्या अंडाशयातील ‘फॉक्सएल-२’ हे जनुक निकामी केले असता तेथील पोषक पेशींनी वृषणातील पेशींचे रूप धारण केले, हा दाखला मला सर्वांत निर्णायक वाटतो; कारण जे आपोआप घडते त्यावर असा आयुष्यभर पहारा ठेवावा लागत नाही.

बीजे अंडाशयच निर्माण करते, ही समजूतही बरोबर नाही. त्यांच्या मूळ पेशी गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास पीतककोशाच्या भित्तीत दिसतात, आणि तेथून आतड्याच्या कडेने सरकत सहाव्या आठवड्यापर्यंत मूत्रपिंडाच्या आद्य रूपालगतच्या उंचवट्यात, म्हणजे भावी ग्रंथीत, येऊन पोचतात.

तेथे त्यांची संख्या झपाट्याने वाढून पाचव्या महिन्यात सुमारे ७० लाख होते. जन्मवेळी १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख, आणि त्यांतून ऋतुचक्रांत बाहेर पडतात ती जेमतेम ४०० ते ५००. तेव्हा दरमहा नवे बीज तयार होते असे जे म्हटले जाते, ते बरोबर नाही. दरमहा पक्व होते ते जन्मापूर्वीचेच बीज, ज्याने गुणसूत्रे निम्मी करणारे विभाजन मातेच्या उदरात आरंभून अर्ध्यावर थांबवलेले असते, आणि जे कधी तेरा तर कधी पंचेचाळीस वर्षांनी ते पुढे नेते.

सहाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही लिंगांची ग्रंथी एकसारखी दिसते, या खऱ्या गोष्टीचा आधार घेऊन आपल्याकडे पुंसवनाच्या नावाखाली अद्याप गर्भवतीला मुलग्यासाठी औषधे दिली जातात, याचे मला मनस्वी दुःख होते. ग्रंथी अभिन्न दिसते म्हणून गर्भाची गुणसूत्रे अनिश्चित असतात असे नाही. ती गर्भधारणेच्या क्षणीच, आणि तीही पित्याच्या शुक्रपेशीने, ठरलेली असतात, व कोणतेही औषध ती बदलू शकत नाही. घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, की सुनेच्या हाती अशी पुडी देऊ नये, आणि कन्या झाली म्हणून तिला बोल लावू नये.