बाभळीवरचा हुदहुद

डोक्यावर तुरा मिरवणारा हुदहुद पाहिलाय ना? इजिप्तमध्ये बेनी हसनला, ख्नुमहोतेपच्या थडग्यातल्या भिंतीवर, तो सुमारे ३९०० वर्षं बाभळीवर बसलाय! पण भिंतीवरचे रंग थोडेच कायम टिकतात? ते उडायच्या आत उतरवून घ्यायला हवेत. १८९१ साली हॉवर्ड कार्टर नावाचा १७ वर्षांचा पोरगा तिथे चित्रांवर कागद लावून रेघा गिरवत होता. (हो, तोच! १९२२ मध्ये तुतनखामेनचं थडगं शोधणारा.) पण नुसत्या रेघांत रंग कुठून येणार? पुढे नीना डेव्हिस या चित्रकर्तीने अंड्यात कालवलेले रंग वापरून हुबेहूब नकला केल्या. गंमत म्हणजे, पोपडे उडालेली जागासुद्धा बहुतेकदा तशीच रंगवली.  नीनाबाईंचा हुदहुद आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, बाभळीसकट.