केसाहून बारीक फट

अर्धा लिटर हवा पाच चमच्यांच्या जागेत कोंबली तर काय होईल? ती तापेल. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं, तीच ही गोष्ट. फक्त इथे पारा ५०० ते ६०० अंशांच्या घरात जातो आणि डिझेलला आपोआप पेटायला सव्वादोनशेच्या आसपासचे अंश पुरतात. फवारा सुटायचा अवकाश, की ठिणगीवाचून भडका! रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याचा सगळा जीव या दाबण्यात होता. आज रस्त्याच्या कामावर गिरक्या घेणाऱ्या बुटक्या स्किड लोडरचा जीवही त्यातच आहे.

आपल्याकडे या यंत्राला, कंपनी कुठलीही असो, ‘बॉबकॅट’ म्हणायची पद्धत पडली आहे. त्याचा जन्म मात्र टर्कीच्या खुराड्यातला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे गावी सिरिल आणि लुईस केलर हे भाऊ वर्कशॉप चालवत. एडी वेलो या टर्कीपालकाला आपल्या दुमजली शेडमधली घाण काढायची होती. वरच्या मजल्यावर चढवता येईल इतकं हलकं आणि खांबांमधून जागच्या जागी वळेल असं यंत्र त्याला हवं होतं. केलर बंधूंनी ते १९५७ साली बनवून दिलं. पुढे मेलरो कंपनीने ते उचललं आणि १९६२ पासून त्यावर बॉबकॅट हे नाव आलं. काम मात्र तेव्हाही आणि आताही धुळीतलंच. इंजिन जमिनीलगत असतं आणि बकेटने उडवलेला धुरळाच त्याला श्वासात घ्यावा लागतो. म्हणून जुना लोडर विकत घेताना दोन तक्रारी हमखास कानावर येतात: ‘इंजिन ठोकतंय’ आणि ‘कॉम्प्रेशन गेलंय’.

आधी ठोकण्याचं बघू. कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे धरतो तिथे बेअरिंगचे दोन अर्धगोल कप असतात. कप आणि क्रँक यांच्यातली फट मिलीमीटरच्या काही शतांशांची, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. प्रत्येक स्फोटाला कित्येक टनांचा धक्का खाऊनही तिथे धातूला धातू लागत नाही. कसं काय? याचा छडा १८८३ साली ब्यूचॅम्प टॉवर या इंग्रज इंजिनिअरला लागला, तोही योगायोगाने. रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना त्याने तेल घालायला वरून भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर यायला लागलं! त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. शेवटी गेज लावला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला, बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त. फिरता आस स्वतःच तेलाला पाचरीसारखं ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. कप झिजून फट वाढली की तेल बाजूने निसटतं, त्याचा पडदा फाटतो आणि रॉड क्रँकवर आपटतो. जो ठोका आपण ऐकतो, तो या फाटलेल्या पडद्याचा.

पण प्रत्येक ठोका रॉडचाच असतो असं नाही. काही जुन्या बॉबकॅटमध्ये हायड्रॉलिक पंप पट्ट्यावर चालतो; पट्टा किंवा त्याचा टेन्शनर सैल झाला तरी खडखड ऐकू येते. व्हॉल्व्हची टकटक क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच होते, म्हणून ती संथ आणि पातळ वाटते. नोझल बिघडलं की डिझेलचं जळणंच ठोकायला लागतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनावर मिस्त्री चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करतो. तो सिलिंडर गप्प होतो आणि दोषी सिलिंडरवर आला की ठोका मऊ पडतो किंवा थांबतो. मग त्या सिलिंडरचं नोझल शेजारच्यात बसवायचं. ठोका नोझलबरोबर सरकला तर काम स्वस्तात निभावलं. जागेवरच राहिला तर आत बघावं लागणार. (कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कधीच करायचा नाही. तिथला दाब कातडी फोडून डिझेल शरीरात घुसवतो.)

आता कॉम्प्रेशन. धडधाकट छोट्या डिझेल इंजिनात, नुसत्या सेल्फवर फिरवताना, गेज ढोबळमानाने दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोच्या आसपास दाखवतो. आकड्याहून महत्त्वाचा असतो सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक. तो दहा टक्क्यांपलीकडे गेला की शंका घ्यावी. शेजारचे दोन पडले असतील तर बहुधा हेड गॅसकेट. एकच पडला असेल तर पिस्टन वरच्या टोकाला आणून नोझलच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. तेल भरायच्या झाकणापाशी सूं-सूं आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅसकेट. इंजिन न उघडता हवाच आपली पळवाट दाखवून देते!

खरी गंमत दोन्ही तक्रारी एकत्र आल्यावर. त्यांचं नातं एका साध्या साखळीचं असू शकतं: दाब कमी, म्हणून हवा थंड, म्हणून डिझेल पेटायला उशीर, तोवर साचलेलं इंधन एकदम भडकतं आणि ठोका देतं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला पांढरा धूर येतो तोही बऱ्याचदा यामुळेच. पण दुसरी शक्यता जास्त चक्रावणारी आहे. समजा सिलिंडरमध्ये पाणी शिरलं किंवा गळक्या नोझलने डिझेल साचलं. द्रव दाबला जात नाही, मग वाकतो तो रॉड. बॉबकॅट ७७३ मधल्या कुबोटा व्ही२२०३ इंजिनाचं बोअर ८७ मिमी, स्ट्रोक ९२.४ मिमी. म्हणजे एका सिलिंडरचे ५४९ घनसेंटिमीटर, आणि हवा २२ पट आकसते असं धरलं तर वर उरते फक्त २६ घनसेंटिमीटर जागा. रॉड वाकून पिस्टन एकच मिलीमीटर कमी वर गेला, तर ही जागा ३२ होते आणि हवा २२ऐवजी १८ पटच आकसते. रिंगा, व्हॉल्व्ह, गॅसकेट सगळं ठणठणीत, हवेच्या चाचणीत गळती नाही, तरी गेज पडलेला आणि त्याच सिलिंडरवर ठोका! अशा वेळी आत न पाहताही, हातभर यंत्रातला एक मिलीमीटर हरवलाय हे सांगता येतं.

म्हणून जुना लोडर बघायला गेलात तर तासांचं मीटर नंतर वाचा, आधी इंजिनावर हात ठेवा. ते कोमट असेल तर तुम्ही येण्याआधीच कुणीतरी ते तापवून ठेवलंय. घट्ट तेल ठोका झाकतं आणि स्टार्टिंग स्प्रे कमी कॉम्प्रेशन झाकतो. गार इंजिन कमी कॉम्प्रेशन झाकत नाही; बेअरिंगचा ठोका मात्र तेल तापून पातळ झाल्यावर जास्त स्पष्ट ऐकू येतो. डिपस्टिकच्या तेलात चकाकी दिसली तर लोहचुंबक फिरवा. जी चकाकी चिकटत नाही ती बेअरिंगच्या कपातून आलेली असू शकते. फट कुठे आहे हे आधी ठरवा, भाव मग बोला. नोझल बदलणं आणि अख्खं इंजिन खोलणं यांच्या खर्चात इतकं अंतर आहे, की त्या अर्ध्या तासाच्या कान देण्याची मजुरी तिथल्या तिथे सुटते.