वटहुकुमाची मुदत

कायदा कायदेमंडळानें करावा आणि तो अंमलांत सरकारनें आणावा, ही लोकशाही राज्यपद्धतींतील कामाची वांटणी सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु भारताच्या राज्यघटनेंत या नियमाला एक अपवाद बुद्धिपुरस्सर ठेवलेला आहे. संसदेचें अधिवेशन चालू नसतां तांतडीची गरज उत्पन्न झाली, तर मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें राष्ट्रपतींना वटहुकूम काढतां येतो. राज्यांत तोच अधिकार राज्यपालांना आहे. अशा वटहुकुमाला कायद्याइतकेंच बळ असतें. सरकार आणि संसद यांच्यामधील तोल कसा ढळतो, हें पाहावयाचें असेल तर या अपवादाचा इतिहास पाहणें उद्बोधक ठरेल.

हा अधिकार परकी अमदानींतून आलेला आहे. १८६१ च्या कायद्यानें तो गव्हर्नर-जनरलला प्रथम मिळाला आणि १९३५ च्या कायद्यांतहि तो कायम राहिला. १९३० सालीं वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा वटहुकूम याच मार्गानें निघाला होता. असें असतां स्वतंत्र भारताच्या घटनेंत त्याला जागा कां मिळाली? संसद बसलेली नसतां एखादा प्रसंग ओढवला आणि चालू कायदा त्याला पुरा पडला नाहीं, तर सरकारजवळ कांहीं तरी साधन असावयास हवें, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४९ सालीं घटनासमितींत प्रतिपादन केलें.

मात्र या साधनाला घटनाकारांनीं मुदत घातली. संसद पुन्हां भरली कीं वटहुकूम तिच्यापुढें मांडावा लागतो. तिनें तो कायद्यांत रूपांतरित केला नाहीं, तर सहा आठवड्यांनंतर तो आपोआप संपतो. दोन अधिवेशनांमध्यें सहा महिन्यांहून अधिक अंतर पडूं नये असा दंडक असल्यामुळें वटहुकुमाचें आयुष्य फार तर साडेसात महिन्यांचें. व्यवहाराच्या भाषेंत बोलावयाचें तर सरकारनें संसदेकडून घेतलेली ही उसनवारी आहे, आणि ती फेडण्याची तारीख आधींच ठरलेली आहे.

१९७५ च्या अडतिसाव्या घटनादुरुस्तीनें, वटहुकुमाची गरज आहे कीं नाहीं याविषयीं राष्ट्रपतींचा निर्णय अंतिम ठरविला व न्यायालयांचें दार बंद केलें. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें तें कलम काढून टाकण्यांत आलें. परंतु घटनेच्या शब्दांत असे फेरफार होत असतां खरी गळती दुसरीकडेच चालू होती.

ती उघडकीस आणली पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेंतील प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनीं. बिहारमध्यें १९६७ ते १९८१ या काळांत २५६ वटहुकूम निघाले आणि ते एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवण्यांत आले, असें त्यांना आढळलें. युक्ति सोपी होती. अधिवेशन संपलें कीं तोच मजकूर नव्यानें जारी करावयाचा. उंसाच्या पुरवठ्याविषयींचा एक वटहुकूम अशा रीतीनें जवळजवळ चौदा वर्षें चालला. त्या अवधींत विधानसभा भरत होती आणि उठत होती. पण तिचें मत कोणी घेतलें नाहीं. डॉ. वाधवा यांनीं १९८३ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढें सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. २० डिसेंबर १९८६ रोजीं पांच न्यायाधीशांच्या पीठानें हा प्रकार म्हणजे घटनेशीं प्रतारणा होय, असा निर्णय दिला. मात्र कामाच्या गर्दीमुळें विधेयक मांडतां आलें नाहीं तर गोष्ट वेगळी, एवढी फट त्या निकालांत राहिलीच.

या लबाडीची किंमत कोणाला मोजावी लागते, तें बिहारमधील दुसऱ्या एका प्रकरणावरून दिसतें. डिसेंबर १९८९ मध्यें तेथील सरकारनें वटहुकूम काढून ४२९ खाजगी संस्कृत शाळा आपल्या ताब्यांत घेतल्या. त्यामागून आणखी वटहुकूम निघाले, त्यांपैकीं एकहि विधिमंडळापुढें मांडला गेला नाहीं, आणि एप्रिल १९९२ च्या अखेरीस शेवटचा वटहुकूमहि संपला. आपण सरकारी नोकर आहोंत कीं नाहीं, हा प्रश्न घेऊन शिक्षक न्यायालयांत गेले. अंतिम उत्तर २ जानेवारी २०१७ रोजीं सात न्यायाधीशांच्या पीठाकडून आलें. वटहुकूम विधिमंडळापुढें मांडणें सक्तीचें आहे, आणि संपलेल्या वटहुकुमांतून कायमचे हक्क आपोआप निर्माण होत नाहींत, असें बहुमतानें ठरलें. दिलेलें वेतन परत घेऊं नये, इतकाच दिलासा शिक्षकांच्या पदरीं पडला.

विधिमंडळांतील चर्चा हा कालापव्यय आहे, असें मानण्याची प्रवृत्ति सुशिक्षितांतहि आढळते. परंतु त्या शाळांचें विधेयक सभागृहांत आलें असतें, तर त्यावर प्रश्न विचारले गेले असते, दुरुस्त्या सुचविल्या गेल्या असत्या, आणि तें संमत झालें असो वा फेटाळलें गेलें असो, शिक्षकांना आपली स्थिति तेव्हांच कळली असती. त्यांना ती कळण्यास पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. सहा आठवड्यांची मर्यादा घटनेंत पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. ती पाळली जाते कीं नाहीं हें मोजून पाहणारा मनुष्य मात्र फार उशिरां भेटला.