डबा कोणी सांडला?

आमची होडी थळच्या बंदरात असते. मे महिन्यात एकदा बाबांनी सकाळच्या गारव्यात डिझेलचा २० लिटरचा पत्र्याचा डबा तोंडापर्यंत भरला आणि वाळूवर ठेवला. दुपारी बघतो तर झाकणातून डिझेल ओघळलेले. बाबा मला बोलले, "तूच लाथ मारलीस." मी म्हटले, "नाय बाबा, मी हातपण नाय लावला." पण कोणी ऐकले नाही. मला फार रडू आले.

नंतर शाळेत गुरुजींनी एक प्रयोग दाखवला. औषधाच्या छोट्या काचेच्या बाटलीत लाल रंगाचे पाणी काठोकाठ भरले. रबरी बुचात भोक पाडून बॉलपेनची धुतलेली रिकामी रिफील बसवली. रिफिलीत पाणी जिथवर आले तिथे खूण केली. मग बाटली गरम पाण्यात ठेवली. आधी पाणी किंचित खाली गेले! आम्ही हसलो. गुरुजी म्हणाले, "आधी काच तापून फुगते, म्हणून बाटलीत जागा वाढते. जरा थांबा." थोड्या वेळाने पाणी खुणेच्या वर चढले. बाटली थंड पाण्यात ठेवल्यावर परत खाली आले.

असे का होते? पाणी, तेल, डिझेल हे अगदी बारीक कणांचे बनलेले असतात. ते कण सारखे हलत असतात. उष्णता मिळाली की ते जोरात हलतात आणि एकमेकांपासून थोडे दूर सरकतात. कण मोठे होत नाहीत, त्यांना जागा जास्त लागते. प्रार्थनेला आपण थोड्या जागेत उभे राहतो. लेझीम खेळताना मुले तीच, पण सगळे मैदान लागते. तसेच हे आहे.

सगळे द्रव सारखे फुगत नाहीत. डिझेल पाण्यापेक्षा जास्त फुगते. २० लिटर डिझेल २० अंश सेल्सिअसने तापले तर सुमारे ३०० मिलिलिटरने वाढते. डबापण फुगतो, पण फारच थोडा. मग जास्तीचे डिझेल बाहेर येणारच!

समुद्राचे पाणीपण तापले की फुगते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. जमिनीवरचा बर्फ वितळणे हे एक कारण आणि पाणी तापून फुगणे हे दुसरे. मित्रांनो, पट्टीवर २० सेंटिमीटर बघा आणि उधाणाच्या भरतीला आपल्या बंदरावर उभे राहून विचार करा.

हे सगळे मी घरी बाबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा चार बोटे रिकामा ठेवला आणि सावलीत नेला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

पालकांनो, तुम्हीपण डबा काठोकाठ भरू नका. डिझेल वाया जाते, आगीची भीती असते आणि मुलांना उगाच ओरडा बसतो.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी