पेशंटसोबत कोण?

सकाळचे साडेसहा. परळच्या या रस्त्यावर दुकानांची शटरं अजून खाली आहेत, पण फुटपाथ केव्हाच जागा झालाय. निळ्या ताडपत्रीखालून एक बाई तांब्या घेऊन बाहेर येते. तिच्यामागे सात-आठ वर्षांचा मुलगा, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क. पलीकडे स्टोव्हवर भात रटरटतोय. झाडाच्या खोडाला खिळा ठोकून एक्स-रेची मोठी पाकिटं टांगलेली आहेत. खाली ठेवली तर कुत्री ओढतात. नळावर भोजपुरी, बंगाली आणि बीडकडची मराठी एकाच वेळी भांडतायत.

दोनच दुकानं उघडी आहेत, चहाची टपरी आणि झेरॉक्स. झेरॉक्सवाल्याला काही सांगावं लागत नाही. मी फाइल पुढे करते. तो आधार, रेशनकार्ड, बायोप्सीचा रिपोर्ट आपणच वेगळे काढतो. "तीन-तीन कॉप्या लागतील. पुन्हा रांग सोडून यायला नको."

आई टपरीच्या बाकड्यावर टेकली आहे. उजव्या अंगावर भार टाकून, तिरकी. डाव्या कमरेला जखम आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्रभर ती एकाच कुशीवर होती. चहा येतो. "बशीत वत," ती म्हणते, आणि रस्त्यापलीकडच्या त्या मुलाकडे बघत राहते.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी आतापासूनच दोन ओळी लागल्यात. सुरक्षारक्षक प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो. "पेशंट कोण? सोबत कोण?" एका पेशंटबरोबर एकच माणूस. लातूरहून एक कुटुंब आलंय, म्हातारे वडील आणि तीन मुलगे. कोण आत जाणार यावर तिघांची कुजबूज चालते. शेवटी धाकटा पुढे होतो. त्याला लिहिता-वाचता चांगलं येतं, थोरला मला सांगतो, मी न विचारताच.

आत नोंदणी. लोखंडी खुर्च्यांच्या ओळी, वर गरगरणारे पंखे, भिंतीवर टोकनचा लाल आकडा. आकडा सरकला की चार माणसं एकदम उठतात आणि तिघं परत बसतात. आईच्या नावाची फाइल तयार होते. जाड पुठ्ठा, कोपऱ्यात नंबर. इथून पुढे नाव मागे पडतं. सगळीकडे नंबर. मी तो मनगटावर बॉलपेनने लिहून ठेवते. शेजारच्या मुलीने तळहातावर लिहिलाय, घामाने पुसत आलाय.

पुढची खिडकी स्लाइड आणि ब्लॉकची. नवख्या माणसाची इथे गाडी अडते. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट इथे नुसता चालत नाही. ज्या तुकड्यावरून तो रिपोर्ट दिला, तो तुकडाच आणावा लागतो. इथले डॉक्टर तो पुन्हा स्वतः बघणार. माझ्यापुढच्या माणसाकडे नुसता कागद आहे. त्याला परत नगरला जावं लागणार. तो खिडकी सोडत नाही, वाद घालत नाही, नुसता उभा राहतो.

मी पिशवीतून पुठ्ठ्याची छोटी डबी काढते. "बघू," आई म्हणते. तिच्या तळहातावर ठेवते. प्लॅस्टिकच्या जाळीदार चौकटीत पांढरट मेण ओतलेलं. वर पेन्सिलीने नंबर. मेणाच्या मधोमध तुरीच्या डाळीएवढा तपकिरी ठिपका. "ही माझी कातडी?" ती विचारते. हो म्हटल्यावर ती चौकट उलटी करून मागून बघते. मग खिडकीतल्या माणसाला विचारते, "परत मिळंल न्हवं?"

तो हसत नाही. "मिळेल आजी. पावती जपून ठेवा."

त्वचेच्या ओपीडीबाहेरचा हॉल साडेनऊला भरून गेलाय. फिनेलचा वास, त्यात कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाचा. बहुतेकांच्या तोंडावर रुमाल. इथे तोंडाचे रोगी जास्त, तंबाखूचे. ते डोक्या-मानेच्या ओपीडीचे, पण त्यांच्या हॉलमध्ये जागा संपली की इकडे येऊन बसतात. देशात वर्षाला साधारण 14 लाख माणसांना नव्याने कॅन्सर होतो. त्यात कातडीचे शंभरात एखाद-दोन. म्हणून या दाराबाहेरची ओळ त्यामानाने लहान आहे. लहान म्हणजे चाळीस-पन्नास माणसं.

एका शेतकऱ्याच्या टाचेवर काळा डाग आहे. गावात कुरूप समजून त्यावर कॉर्नपट्टी लावली, मग न्हाव्याकडून ब्लेडने तासून घेतलं. आता चप्पल जात नाही, पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत. आपल्याकडे मेलॅनोमा बहुधा असाच निघतो, तळपायाला नाहीतर नखाखाली, जिथे ऊन पोचतच नाही. पलीकडच्या बाईचा लहानपणी भाजलेला हात. जुन्या वणाची जखम चाळीस वर्षांनी पुन्हा उघडली आणि भरेचना.

"तुमचं काय?" बाई विचारते.

"कमरंला हाय," आई म्हणते आणि पदर घट्ट ओढून घेते.

पुढे ती काही बोलत नाही. कमरेला म्हणजे नाडीखाली. पन्नास-पंचावन्न वर्षं परकराची नाडी एकाच जागी, आवळून. भांगलायला वाकायचं, डोक्यावर पाटी घ्यायची, साडी सुटता कामा नये. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या कमरेला तो काळपट करकोचा आहे. त्यावर खाज सुटते, साल निघते, घाम झोंबतो. खोबरेल लावतात, हळद लावतात. मग मेडिकलमधून नायट्याचं मलम येतं. त्यानेही आठ दिवस बरं वाटतं.

नंबर पुकारतात. "पेशंटसोबत कोण?" मी हात वर करते.

खोली छोटी. हिरवा पडदा, वर ट्यूबलाइट, पलंगावर कागदी चादर. डॉक्टर तिशीतली मुलगी आहे. कोपऱ्यात दोन शिकाऊ डॉक्टर, त्यातला एक मुलगा. आई पलंगाशी उभी राहते आणि काहीच करत नाही. डॉक्टरच्या लक्षात येतं. मुलगा बाहेर जातो. मग आई माझ्याकडे बघते. नाडीची गाठ मी सोडते. ती सुती, चपटी नाडी घामाने कडक झालेली आहे, नखाने उकलावी लागते.

डाव्या बाजूला करकोच्याच्या रेघेवर जखम. दोन रुपयांच्या नाण्याहून मोठी. कडा उचललेल्या, टणक. मधला भाग खोल, ओलसर, बोट लागलं की रक्त येणारा. भोवतीची कातडी कुठे काळी, कुठे पांढरी पडलेली.

"कधीपासून आहे, आजी?"

"झालं की. दोन उन्हाळं गेलं."

मला तिने दिवाळीपासून म्हणून सांगितलं होतं. मी तिच्याकडे बघते. "तवा नुसती खाज हुती," ती म्हणते, भिंतीला.

डॉक्टर हातमोजा घालून कड चाचपते. मग जांघेत बोटं दाबते, दोन्हीकडे. मग काखेत. कमरेवरची जखम वरच्या-खालच्या अंगाच्या मधल्या रेघेवर असते. तिथून रोग खाली जांघेतल्या गाठींकडे जाऊ शकतो, वर काखेकडेही. म्हणून दोन्ही बघायचं. आई विचारते, काखेत काय हरवलंय का. डॉक्टर पहिल्यांदा हसते. "गाठ लागत नाही. सोनोग्राफी करू."

बाहेरून परत आलेल्या शिकाऊ मुलाला ती पडद्याआड समजावते आहे. माझे कान तिकडेच. हा स्क्वेमस सेलचा. सतत घासणं, दाब, जुनी न भरणारी जखम. धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या अशा कॅन्सरची नोंद मुंबईतल्या संशोधकांनी 1945 सालीच करून ठेवली. काश्मिरात फिरन या अंगरख्याच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्यांच्या पोटावर, मांडीवर होतो, तो त्याचाच भाऊबंद. 2024 साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांची हकिकत छापली. दोघींना कमरेला. त्यातली एक लुगडं नेसणारी, आत परकरसुद्धा नव्हता. "साडीचा दोष नाही," डॉक्टर म्हणते, "आवळण्याचा आहे."

मग माझ्याकडे वळून ती भराभर सांगते. जखम आणि भोवतीची सेंटिमीटरभर चांगली कातडी काढायची. तिथे मांडीची पातळ साल बसवायची. आधी रक्त, शुगर, छातीचा एक्स-रे, इसीजी, टूडी एको, भूलतज्ज्ञ. मी वहीत लिहीत जाते. आई पाठमोरी होऊन परकर बांधते आहे. नाडी नेहमीच्याच जागी येते, हात तिथेच जातो. डॉक्टर तिचा हात धरून वर सरकवते. "इथे बांधा. सैल."

"सुटंल की."

"सुटू दे."

खालच्या मजल्यावर जनआरोग्य योजनेची खिडकी. इथली रांग सगळ्यात लांब आणि सगळ्यात गप्प. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचा खर्च यात बसतो, त्यामुळे कुणी जागा सोडत नाही. आरोग्यमित्र पंचविशीतला आहे, खिडकीच्या आत त्याला पंखाही नाही. तो आईचं केशरी रेशनकार्ड बघतो, आधार बघतो, पुन्हा रेशनकार्ड बघतो. रेशनकार्डावर नावाला 'बाई' जोडलेलं आहे. आधारवर नाही.

"दोन वेगळ्या व्यक्ती होतात," तो म्हणतो.

"हीच आहे, समोर उभी आहे."

"मला दिसतंय ताई. कॉम्प्युटरला दिसत नाही."

मागून एक काका बाँडपेपर, प्रतिज्ञापत्र असं काही सुचवतात. त्यांना हा अनुभव आलेला असणार. रांगेत प्रत्येकाकडे दुसऱ्यासाठी काही ना काही तोडगा असतो. इथून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही घ्यायचा असतो, हे मला असंच कळतं. स्लीपरला कॅन्सरच्या पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्याला पंचाहत्तर टक्के. "आधीच घ्यायचा ना," काका हळहळतात, त्यांचेच पैसे गेल्यासारखे.

जेवायला जिन्याखाली बसतो. तिथे वारा आहे. आईने ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून आणली आहे. ती उकिडवी बसत नाही, भिंतीला टेकून उभ्यानेच खाते. वरून माणसं चढतायत, उतरतायत. स्ट्रेचर लिफ्टची वाट बघत थांबलंय. समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात इमारतीचं नाव आहे. आई चौथीपर्यंत शिकलेली. घरी धाकट्या भावाने बजावलंय, आईला काही सांगायचं नाही, गाठ आहे म्हणायचं.

"बरा हुतो का ह्यो?" ती विचारते.

"कुठला?"

"ह्यो. कॅन्सर." ती चटणीत तेल कमी पडलंय का ते बोटाने बघते. "तिथं भितीवं लिवलंय की. आनि ती डाक्टर पोरगी तुला सांगत हुती. मी काय भैरी हाय?"

मी सांगते. गाठी नाहीत असं वाटतंय, लवकर काढला तर बहुतेक जातो. वर्षानुवर्षं यायला लागेल. ती ऐकते. मग म्हणते, "तेवढं त्येला सांगू नगंस मला कळलंय म्हणून. जिवाला लावून घेतंय त्ये."

त्यानंतरचे आठवडे तपासण्यांचे. त्यांचं वर्णन करावं असं काही नाही. सगळीकडे खुर्च्या, सगळीकडे आकडा. प्रतिज्ञापत्र होतं, मंजुरी येते. ऑपरेशनच्या सकाळी आईच्या हातातल्या बांगड्या निघत नाहीत, सिस्टर साबण लावून काढते. मग बाहेरचा कठडा आणि आमच्यासारखे वीस-पंचवीस जण. दार उघडलं की सगळे उठतात.

बायकांचा वॉर्ड. दुपारचे तीन. बाहेर ऊन, खिडक्यांना जुनी बेडशीट बांधलेली. आईच्या कमरेचं ड्रेसिंग आज पाचव्या दिवशी उघडलं. डॉक्टरने वाकून पाहिलं, कापसाने हलकेच दाबलं. "छान धरलीय कातडी." नव्या सालीचा रंग लालसर जांभळा आहे, भोवती टाक्यांची ओळ. आई तिकडे बघत नाही. तिची तक्रार मांडीची. जिथून साल काढली तिथे आग होते, चांगल्या जागेचं दुखणं वाइटाहून मोठं. तिथलं ड्रेसिंग ओढायचं नाही, ते आपोआप सुटेल तेव्हा सुटेल. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट यायला अजून वेळ आहे. पुढची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दाखवायचं, हे डिस्चार्जच्या कागदावर आधीच लिहून झालंय.

मी नवीन गाऊन आणलाय, सुती, फुलांचा. आई तो हातात धरून बघते.

"ह्यो घालून गावात फिरू? लोकं हसत्याल."

"मग परकराला रुंद पट्टी लावून देते. इलॅस्टिकची. नाडी नको."

"म्हंजी पोरींच्या फ्रॉकासारखं." ती जरा विचार करते. "दोन शीव. एक धुन्यात जातो."

शेजारच्या खाटेवरची सूनबाई उठून बसते. नाडीचं काय, ती विचारते. आई सांगते. इतके दिवस पदर ओढून घेणारी आई आता सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. खाज येती, साल निघती, मलम लावू नगा, दावा. समोरच्या खाटेवरची आजी, तिला रोग वेगळाच आहे, चादरीखाली हात घालून आपली कमर चाचपते. दोघी-तिघी बाथरूमकडे जाऊन येतात. कुणी काही म्हणत नाही.

आयामावशी बेडपॅन ठेवून जायला वळतात, थांबतात. पन्नाशीच्या असतील. युनिफॉर्मची निळी साडी, निऱ्या घट्ट खोचलेल्या. पडद्याच्या बाजूला सरकून त्या साडी बोटभर खाली करतात.

"ताई, हे बघता का जरा?"

कमरेभोवती काळा पट्टा. उजवीकडे बोटाच्या पेराएवढा भाग पांढरा पडलाय, त्यावर खपली.

"मला काय कळणार मावशी. चारला राउंड आहे, त्यांना दाखवा ना."

"राउंडला मी कशी दाखवू? तेव्हा माझ्याच तर सगळ्या चादरी बदलायच्या असतात." त्या साडी वर ओढतात, निऱ्या पुन्हा खोचतात, तशाच घट्ट.

"ए बाई," आई उशीवरून मान उचलते. "चादरी ही बदलंल. तू दाव."