तिसऱ्या डोळ्याला पापणी हवी

काशीला पहिल्यांदा गेलेल्या आपल्याकडच्या बाईला घाटावर स्नान करताना संकोच वाटतोच. उघड्यावर, चारचौघांत नहायचे कसे? पण दोन दिवसांत तो संकोच ओसरतो. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या परिसरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, तीही याच रीतीने. घाटावर भिंत नसली तरी आडोसा असतो, आणि तो असतो माणसांच्या नजरेचा. शेजारी नहाणारा पुरुष पाठ फिरवतो, नाववाला पलीकडच्या तीराकडे पाहू लागतो, ओले लुगडे बदलताना सोबतची बाई साडीचा पडदा धरते. मणिकर्णिकेवर चिता जळत असताना फोटो काढू नये, हे परदेशी पाहुण्यालाही बजावले जाते.

आता या घाटांवर आणि गल्ल्यांत आणखी एक डोळा आला आहे. शंकराच्या नगरीत त्याला ‘तिसरा डोळा’ म्हणायचा मोह कुणाला होणार नाही! पण या डोळ्याला पापणी नाही. तो नजर वळवत नाही.

तो का आला, हेही विसरता येत नाही. ७ मार्च २००६ रोजी संकटमोचन मंदिरात आणि कॅन्टोन्मेंट स्टेशनवर बॉम्बस्फोट झाले. ७ डिसेंबर २०१० रोजी शीतला घाटावर, ऐन गंगा आरतीच्या वेळी स्फोट होऊन एका चिमुरडीचा बळी गेला. अशा गावात पोलिसांनी कॅमेरे लावू नयेत, असे कोण म्हणेल? पुढे ‘स्मार्ट सिटी’ योजनेत सिगरा भागात नियंत्रण कक्ष उभा राहिला आणि शहरभरची चित्रे तिथल्या पडद्यांवर दिसू लागली.

सप्टेंबर २०१७ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयात एका विद्यार्थिनीची छेड काढली गेली. मुली प्रवेशद्वाराशी ठिय्या देऊन बसल्या. रस्त्यावर दिवे लावा, कॅमेरे बसवा, असे त्यांचे म्हणणे होते. पण ‘इतक्या उशिरा बाहेर होतीस कशाला?’ या प्रश्नाचीही त्यांना तितकीच चीड होती. मला वाटते, सगळी मेख इथेच आहे. या मुलींना कॅमेरा हवा होता तो टवाळखोरांवर. आपण किती वाजता परतलो याचा हिशेब ठेवायला नव्हे.

गंमत अशी की, त्याआधी जेमतेम महिनाभर, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला होता की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. हा हक्क मिळायला फार वर्षे लागली, आणि त्याची एक जुनी कथा उत्तर प्रदेशातलीच आहे. खरकसिंग नावाच्या माणसाला १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात पकडले होते. पुरावा नाही म्हणून सोडले. तरीही पोलिसांनी त्याच्या नावाने नोंदवही उघडली. मध्यरात्री दारावर थाप पडायची, झोपेतून उठवले जायचे, तो घरात आहे की नाही याची खात्री केली जायची. १९६२ मध्ये न्यायालयाने ही रात्रीची थाप बेकायदा ठरवली. मात्र बाहेर त्याच्या जाण्यायेण्यावर पाळत ठेवायला हरकत नाही, खासगीपणाचा हक्क घटनेत नाही, असेही म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे मत वेगळे होते. ज्याच्या प्रत्येक पावलावर कुणाची तरी नजर आहे, तो मोकळा कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. २०१७ च्या निकालाने अखेर त्यांचीच बाजू उचलून धरली.

त्या काळी पाळतीला निदान एक शिपाई लागत असे. तो थकायचा, त्याला झोप यायची. कॅमेऱ्याला दोन्ही ठाऊक नाही. खासगी माहितीसाठी २०२३ मध्ये कायदा झाला खरा. पण सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देता येते.

आणि भीती केवळ सरकारचीच आहे असे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागच्या महाकुंभात नहाणाऱ्या स्त्रियांची चित्रणे समाजमाध्यमांवर फिरवल्याबद्दल पोलिसांनी गुन्हे नोंदवले. त्याच महिन्यात राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्याचे चित्रण चोरून विकल्याचे उघडकीस आले. रुग्ण स्त्रियांची तपासणी त्यात दिसत होती. या प्रकरणात अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचेही लोक होते! चोर चोरच, पण तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावलाच कुणी?

घरी, दुकानात, दवाखान्यात कॅमेरा लावणाऱ्यांनी म्हणूनच विक्रेत्याला चार प्रश्न विचारावेत. चित्रे कोण पाहणार? किती दिवस राहणार? इंटरनेटवर जाणार का? यंत्राबरोबर आलेला पासवर्ड बदलला का? हा शेवटचा प्रश्न तर विचारायचाच राहून जातो. आणि आपल्या दारावरचा कॅमेरा समोरच्या बिऱ्हाडाच्या दारात डोकावत असेल, तर तो जरा खाली वळवायला एक स्टूल आणि पाच मिनिटे पुरतात.